बागेचा इतिहास लिहायचाय? आधी पाणी कुठून आलं ते शोध

प्रश्न थोडक्यात असा होता: आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला सेमिनार आहे, विषय प्राचीन संस्कृतींमधल्या बागा, आणि जे काही वाचायला मिळतं ते सगळं बॅबिलोनच्या झुलत्या बागांपासून सुरू होतं. त्या बागा खरंच होत्या का, चारबाग (पाटांनी चार भाग केलेली चौकोनी बाग) मुघलांनी शोधली का, आणि या सगळ्यात आपण कुठे बसतो.

मी लँडस्केपचं काम करतो, पंचवीसेक वर्षं झाली, पुण्याच्या आसपास आणि कोकणात जास्त. इतिहासकार नाही, त्यामुळे माझं उत्तर साईटवरच्या माणसाचं आहे. तू विद्यार्थी म्हणून सरळ तू म्हणतोय, राग मानू नकोस.

आधी एक सांगतो, या विषयावरची निम्मी प्रेझेंटेशन्स "स्टाईल" दाखवतात, इजिप्शियन स्टाईल, पर्शियन स्टाईल, चायनीज स्टाईल, एकेक स्लाईड, चार फोटो, झालं. ते करू नकोस. कुठलीही जुनी बाग समोर आली की दोनच गोष्टी विचारायच्या, पाणी कुठून यायचं आणि ते झाडाच्या बुडाशी कोण पोचवायचं. चौकोनी वाफे, सरळ पाट, झाडांच्या रांगा हे सगळं आधी दारं धरणाऱ्या माणसाच्या सोयीने झालंय आणि मग कुणीतरी त्याला सुंदर म्हटलंय असं माझं मत आहे. ज्याने शेतात एकदा जरी फावडं घेऊन या वाफ्यातलं पाणी त्या वाफ्यात वळवलंय त्याला हे पटेल.

आता इजिप्त. 2017 मध्ये लक्सरला द्रा अबू अल-नगा नावाच्या टेकडीवर स्पॅनिश टीमला एका थडग्याच्या अंगणात चक्क एक बाग सापडली, साधारण चार हजार वर्षांपूर्वीची. केवढी? 3 मीटर बाय 2 मीटर! आपल्या फ्लॅटच्या बाल्कनीएवढी. जमिनीपासून अर्धाएक मीटर उचललेली, आणि तिच्यात मातीचे बांध घालून साधारण 30 सेंटिमीटरचे चौकोन पाडलेले, बाजूला झाऊच्या जातीतल्या एका झुडपाचं खोड मुळांसकट अजून उभं, त्याच्याशेजारी एक वाडगा आणि त्यात खजूर. मी पहिल्यांदा फोटो बघितला तेव्हा हसलोच, कारण हे तर मेथी-कोथिंबिरीचे वाफे झाले, आजीच्या परसातले. एवढे छोटे चौकोन का, तर पाणी भांड्याने आणून ओतायचं, एक चौकोन भरला की पुढचा, एक थेंब बाहेर जाणार नाही. म्हणजे ग्रिड आलं ते पाणी वाचवायला.

दुसरं म्हणजे मेकेत्रे नावाच्या बड्या अधिकाऱ्याच्या थडग्यातलं लाकडी मॉडेल, 1920 मध्ये सापडलं, आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे, काळ इसवी सनापूर्वी 1980 च्या आसपास. आपण क्लायंटला मॉडेल करून दाखवतो तसंच आहे ते, पुढे रंगीत खांबांचा व्हरांडा, मधे तळं, तळ्याभोवती झाडं. आणि त्या तळ्याला आतून तांब्याचा पत्रा लावलाय, खरं पाणी भरता यावं म्हणून! झाडं उंबराच्या जातीतली आहेत आणि बनवणाऱ्याने फळं फांदीच्या टोकाला न लावता थेट खोडाला लावलीत, उंबराला लागतात तशी. आजची थ्रीडी व्ह्यू करणारी पोरं नारळाला कुठेही नारळ लटकवतात म्हणून सांगतोय.

नेबामूनच्या थडग्यातलं तळ्याचं चित्र (ब्रिटिश म्युझियम, इसवी सनापूर्वी 1350 च्या सुमाराचं) तर तू बघितलं असशीलच. तळं वरून दिसतं तसं, मासे-बदकं बाजूने दिसतात तशी, आणि तळ्याच्या चारी बाजूंना खजुरीची, उंबराची झाडं, काही तर चक्क आडवी झोपलेली. लोक म्हणतात चित्रकाराला पर्स्पेक्टिव्ह जमत नव्हतं. अरे, तो प्लॅन आणि एलेव्हेशन एकाच शीटवर देतोय, आणि माझ्यासारख्याला त्या चित्रावरून बाग बांधता येईल, फोटोवरून येणार नाही.

पाणी वर काढायला तिकडे शादुफ, म्हणजे कोकणात लाट म्हणतात तसलं, लांब दांड्याच्या एका टोकाला वजन आणि दुसऱ्या टोकाला पोहरा. रामसेस दुसरा याच्या काळातल्या इपुई नावाच्या माणसाच्या थडग्यात एक माळी लाटेने पाणी शिंपतोय आणि मागे त्याचं कुत्रं बसलंय असं चित्र आहे. सेमिनारमध्ये राजाराण्यांच्या आधी हे चित्र टाक, खरी बाग त्या माणसाने जगवलीय.

आता तुझ्या झुलत्या बागा. सरळ सांगायचं तर बॅबिलोनमध्ये त्या होत्या याचा बॅबिलोनी पुरावा नाही. तिथला राजा नेबुखदनेझर याने आपण काय काय बांधलं याचे ढिगाने लेख लिहून ठेवलेत, भिंती, देवळं, राजवाडे, पण अशी बाग त्यात नाही. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने बॅबिलोनच्या भिंतींवर पानंच्या पानं लिहिली, बागेचं नाव नाही. जी वर्णनं आहेत ती नंतरच्या ग्रीक-रोमन लेखकांची, काही तर कितीतरी शतकांनंतरची. 1899 पासून तिथे खणणाऱ्या जर्मन रॉबर्ट कोल्डेवेला जाड भिंतींच्या कमानीदार खोल्या सापडल्या, त्याला वाटलं हाच बागेचा पाया, पण त्याच खोल्यांमधल्या मातीच्या पाट्यांवर तेल-धान्याच्या वाटपाचे हिशेब निघाले, म्हणजे ते कोठार असावं.

ऑक्सफर्डच्या स्टेफनी डॅली म्हणतात की ती बाग बॅबिलोनची नव्हतीच, निनेव्हेची होती, असिरियाचा राजा सेन्नाखेरिब याची, आणि नंतर नावांची गल्लत झाली. सगळ्यांना हे मान्य नाही, पण मला पटतं, आणि कारण परत पाणीच. सेन्नाखेरिबने (राज्य इसवी सनापूर्वी 704 ते 681) डोंगरातून निनेव्हेपर्यंत कालवे आणले, आणि जेरवान नावाच्या ठिकाणी ओढ्यावरून कालवा न्यायला दगडी पूल बांधला, 280 मीटर लांब, वीस लाखांहून जास्त घडीव दगड, आणि त्याचे अवशेष आजही उत्तर इराकमध्ये बघायला मिळतात. खोल दऱ्यांवरून पांढऱ्या चुनखडीचा पूल बांधून पाणी नेलं असं त्याने त्याच दगडांवर कोरून ठेवलंय. रोमन लोकांच्या प्रसिद्ध जलसेतूंच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. वीस लाख दगड लावून पाणी आणलेला माणूस उंचावर बाग करतो हे मी मान्य करीन. पाण्याची सोय न सांगता नुसती बाग सांगणाऱ्यावर विश्वास ठेवत नाही, क्लायंट असला तरी.

त्याच्या नातवाची, अशुरबनिपालची, बाग मात्र दगडात कोरलेली आहे, ब्रिटिश म्युझियममध्ये. राजा द्राक्षाच्या मांडवाखाली पलंगावर रेलून पितोय, राणी समोर बसलीय, सेवक पंख्याने वारा घालतायत, वादक आहेत, पक्षी आहेत, आणि डावीकडच्या एका झाडाला शत्रूचं, शेजारच्या एलाम देशाच्या राजाचं, कापलेलं मुंडकं टांगलंय. बाग म्हणजे शांतता वगैरे लिहिणार असशील तर हे चित्र आधी नीट बघ.

मेसोपोटेमियातली, म्हणजे या बॅबिलोन-निनेव्हेच्या मुलखातली, साधी माणसं कशी बाग करायची तेही बघण्यासारखं आहे. वर खजूर, त्याच्या सावलीत डाळिंबासारखी फळझाडं, त्याखाली कांदा-लसूण-भाजी. तीन मजले. खजुराची सावली नसती तर त्या उन्हात खालचं काही टिकलंच नसतं. आता गुहागर किंवा दिवेआगरच्या कुठल्याही वाडीत जाऊन उभा राहा, वर माड, खाली पोफळी, पोफळीवर मिरवेल, बुडाशी जायफळ, हळद. कुणी कुणाची कॉपी केलेली नाही. ऊन तेच, अक्कल तीच.

बरं, चारबाग. मुघलांच्या दोन हजार वर्षं आधी इराणमध्ये पासारगाद इथे सायरस राजाची (मृत्यू इसवी सनापूर्वी 530) राजवाड्याची बाग होती. तिथे डेव्हिड स्ट्रोनाख यांनी 1960 च्या दशकात उत्खनन केलं आणि दगडात कोरलेले पाट उघडे झाले. झाडं अर्थात गेलेली, पाट राहिले. बाग मधोमध कापून चार भाग केलेले होते हे त्यांचं अनुमान आहे, कोरलेला पुरावा पाटांच्या लांबट चौकटीचा आहे, त्यामुळे "सायरसने चारबाग शोधली" असं ठामपणे लिहू नकोस, "तिथपर्यंत माग लागतो" असं लिही. पण मला त्यात सगळ्यात आवडतं ते वेगळंच. पाट जेमतेम वीतभर रुंद, आणि दर साधारण 13-14 मीटरवर त्यात एक चौकोनी दगडी हौद. डेकोरेशन असेल, असू दे, पण गाळ बसायला, भांडं बुडवून पाणी घ्यायला आणि लेव्हल सांभाळायला याहून साधी युक्ती नाही.

हे मला का कळलं त्याची गोष्ट सांगतो, लाज वाटते पण सांगतो. सुरुवातीच्या काळात मुळशीच्या बाजूला एका बंगल्याला मी "मुघल गार्डन" करून दिलं, मधोमध कडाप्प्याचा वीसेक मीटर पाट, टोकाला कारंजं. ड्रॉइंगमध्ये स्लोप परफेक्ट होता. पण जमीन भराव टाकून केलेली, मी पुरेसं दाबून घेतलं नाही, पहिल्या पावसाळ्यात मधला भाग दीड इंच बसला आणि पाणी पुढे जायचं बंद झालं, मधेच तुंबलं, शेवाळ, डास, मालकीणबाईंचे रोज फोन. शेवटी स्वतःच्या खिशातून सगळा पाट उखडून परत घातला, आणि तेव्हा मधे मधे तीन छोटे हौद ठेवले. त्यानंतर काही वर्षांनी पासारगादचा प्लॅन बघितला आणि म्हटलं हे आधी कुणी दाखवलं असतं तर.

शब्दही तिथलाच. जुन्या इराणी भाषेत पैरिदैझ, म्हणजे भोवती भिंत घातलेली जागा, त्यातला "पैरि" म्हणजे आपल्या परिसर-परिघातला "परि". त्याचं ग्रीकांनी पॅराडेइसोस केलं, तिथून इंग्लिश पॅराडाइज, आणि फिरदौस पण त्याच कुळातला. म्हणजे स्वर्ग या शब्दाच्या मुळाशी कंपाउंड वॉल आहे! वाळवंटातला वारा ज्याने खाल्लाय त्याला नवल वाटणार नाही.

झेनोफोन या ग्रीक लेखकाने एक किस्सा लिहून ठेवलाय, स्पार्टाचा सेनापती लायसँडर सार्डिसला धाकट्या सायरसला भेटायला गेला (हा वेगळा सायरस, शेदीडशे वर्षांनंतरचा राजपुत्र). बागेतली झाडं एका ओळीत, सारख्या अंतरावर, कोन बरोबर. लायसँडर म्हणाला, ज्याने हे मोजून आखलं त्याचं मला जास्त कौतुक वाटतं. राजपुत्र म्हणाला, आखणी माझीच, आणि काही झाडं मी स्वतः लावलीत. अंगावरचे भरजरी कपडे आणि दागिने बघून पाहुण्याला विश्वास बसेना. झेनोफोन रंगवून सांगत असेल, पण दोरी लावून ओळ धरणं ही तेव्हाही कौतुकाची गोष्ट होती एवढं नक्की.

इराणची दुसरी देणगी कनात, म्हणजे डोंगराच्या पायथ्याचं भूजल जमिनीखालच्या हलक्या उताराच्या बोगद्यातून गावात आणायचं, मधे मधे उभी भोकं हवा आणि गाळ काढायला. पंप नाही, उन्हाने पाणी उडत नाही. हे बघायला इराणला जायची गरज नाही, मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला औरंगाबादला, आताचं छत्रपती संभाजीनगर, नहर-ए-अंबरी केली ती याच धर्तीवरची. बीबी का मकबऱ्याची चारबाग बघायला सगळे जातात, नहर बघायला कुणी जात नाही. तू जा.

ग्रीकांवर मी वेळ घालवणार नाही, देवळाभोवतीच्या राया आणि पाण्याचे झरे सोडले तर डिझाइन म्हणून दाखवण्यासारखं कमी आहे. रोमनांकडे मात्र थांब, कारण पाँपेई. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाव गाडलं गेलं, झाडं कुजली आणि मुळांच्या जागी पोकळ्या राहिल्या. विल्हेल्मिना याशेम्स्की या अमेरिकन बाईंनी 1960 च्या दशकापासून त्या पोकळ्या साफ करून, आत तार घालून, सिमेंट ओतलं, सुकल्यावर माती काढली की मुळाचा साचा हातात. मुळाच्या आकारावरून झाड ओळखायचं. ॲम्फिथिएटरशेजारच्या एका मोठ्या मोकळ्या जागेला आधी गुरांचा बाजार समजत होते, तिथे दोन हजारांवर द्राक्षवेलींच्या मुळांचे खड्डे निघाले, म्हणजे शहराच्या आत चक्क द्राक्षाचा मळा. आणि बघ, पाँपेईत आधी घरांना छपरावरून पडणारं पावसाचं पाणी साठवायचं टाकं असायचं, ऑगस्टसच्या काळात जलसेतूचं नळाचं पाणी आलं आणि मग घराघरांत कारंजी, धबधबे, हौद. पाणी बदललं की फॅशन बदलली.

रोमनांकडे माळ्याला मान पण होता. धाकटा प्लिनी आपल्या टस्कनीतल्या बंगल्याबद्दल एका पत्रात लिहितो की बॉक्सवुडची झुडपं कापून अक्षरं केली होती, कुठे मालकाचं नाव, कुठे माळ्याचं. माळ्याचं! माझ्या कुठल्याही साईटवर आजवर माळ्याचं नाव लागलेलं नाही, फार तर बिल्डरचा लोगो दुरांटामध्ये कापून द्या म्हणतात.

चीनचा एकच किस्सा देतो पण तो प्रत्येक क्लायंटला ऐकवावा असा. हान सम्राट वू याने राजधानी चांगआनजवळ शांगलिन नावाचं प्रचंड मोठं शिकारीचं रान-कम-बाग वाढवली होती. इसवी सनापूर्वी 111 मध्ये त्याने दक्षिणेतलं नानयुए राज्य जिंकलं आणि तिकडची लिचीची शंभर झाडं मागवून लावली, त्यांच्यासाठी खास महाल बांधला. चिनी परंपरा सांगते की एकही जगलं नाही. वर्षानुवर्षं परत परत लावली, एखादं तग धरून राहिलं तर फळ नाही, आणि शेवटी तेही वाळलं तेव्हा राखणदारांना मृत्युदंड. उत्तरेची थंडी, लिची जगणार कशी? अलिबागच्या एका फार्महाऊसवर मालकांनी परदेशी ऑलिव्हची मोठी झाडं आणवली होती, मी लेखी दिलं होतं की आपल्या पावसात मुळं कुजतील, दुसऱ्या पावसाळ्यात सगळी गेली. मला देहदंड झाला नाही, फक्त शेवटचं बिल अडकलं.

त्याच नानयुएच्या राजवाड्याची बाग ग्वांगझूमध्ये 1990 च्या दशकात सापडली, दीडेकशे मीटर लांब दगडी पाट, पण सरळ नाही, नागमोडी, तळाला गोटे घातलेले म्हणजे पाणी खळखळेल. तिकडे पाऊस भरपूर, त्यामुळे पाणी वाचवायची घाई नाही, ते खेळवता येतं. कोरड्या देशात पाट सरळ आणि ओल्या देशात वाकडा, हे प्रत्येक ठिकाणी लागू पडत नाही पण सेमिनारला प्रश्न म्हणून टाकायला भारी आहे.

आता आपण कुठे. अशोकाच्या शिलालेखांत रस्त्याच्या कडेला वड लावले, आमराया केल्या, विहिरी खणल्या, औषधी वनस्पती जिथे नव्हत्या तिथे आणून लावल्या हे सगळं आहे. त्याच्या एका राणीच्या, कारुवाकीच्या, दानाचा छोटा लेख अलाहाबादच्या स्तंभावर आहे, त्यात दानाच्या यादीत शब्द येतो "अंबावडिका", आंब्याची वाडी. सव्वादोन हजार वर्षं झाली, आपण अजून वाडीच म्हणतो.

वराहमिहिराची बृहत्संहिता (सहावं शतक) उघड, त्यात वृक्षायुर्वेदाचा वेगळा अध्याय आहे. दोन झाडांत 20 हात अंतर उत्तम, 16 मध्यम, 12 म्हणजे कमीत कमी. हात साधारण दीड फुटाचा धरला तर 20 हात म्हणजे 30 फूट, आणि आपल्याकडे आंब्याची जुनी लागवड 10 मीटरवर करतात, म्हणजे 33 फूट. पुढे तो कारणही देतो, झाडं जवळ लावली तर एकमेकांना भिडतात, मुळं गुंततात, नीट फळत नाहीत. सोसायटीत सहा-सहा फुटांवर गुलमोहर लावणाऱ्यांना हा अध्याय लॅमिनेट करून द्यायला हवा.

आणि शेजारचं सिगिरिया चुकवू नकोस, श्रीलंका, राजा कश्यप, पाचवं शतक. कड्याच्या पायथ्याशी अगदी काटेकोर सिमेट्रीचे हौद, वर चढत गेलं की मोठमोठ्या शिळांमधून वाटा काढलेल्या, म्हणजे चौकटीची बाग आणि रानटी बाग एकाच साईटवर. भोकं पाडलेल्या चुनखडीच्या चकत्यांची कारंजी आहेत, वरच्या पाण्याच्या नुसत्या दाबावर चालणारी, आणि चांगला पाऊस झाला की आजही उडतात. पंधराशे वर्षं मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्ट नाही!

प्रेझेंटेशनमध्ये प्रत्येक बागेचा प्लॅन सगळेच दाखवतील, तू सेक्शन काढ, म्हणजे जमिनीचा उभा छेद, पाण्याचा उगम डावीकडे, झाडाचं मूळ उजवीकडे, मधे लेव्हल्स. आणि जमलं तर आधी एक दिवस नाशिकला पांडवलेण्यात जाऊन ये, लेणं क्रमांक 10. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचे दुसऱ्या शतकातले दानलेख आहेत तिथे, एकात चिखलपद्र नावाच्या गावातली नारळाची झाडं दान दिल्याचं लिहिलंय, आकडा 8000. मला त्या लेखापाशी उभं राहिलं की एकच विचार येतो, आठ हजार माड मोजले म्हणजे ते ओळीत असणार, आणि ओळीत असणार म्हणजे मधून पाट असणार.